संथ धून : लय, पट्टी आणि भाव

गेल्या स्नेहसंमेलनात मी गिटारवर एक संथ धून वाजवली. साताऱ्याला घरी बसून वाजवताना तिला चार मिनिटे लागत; इथे सांगलीत, रंगमंचावर, ती तीन मिनिटांतच संपली. एकही स्वर चुकला नव्हता, तरी धून हरवली होती. टाळ्या पडल्या, पण त्या सौजन्याच्या. शब्दांवाचूनच्या वादनात भाव येतो तरी कुठून, हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला.

आपल्यापैकी पुष्कळांचा समज असा, की लय कमी केली की धून आपोआप हळवी होते. वास्तविक तसे नाही. घड्याळाचा सेकंदकाटा मिनिटाला ६० ठोके देतो. संथ धून साधारण ६० ते ८० ठोक्यांत चालते. अडचण पुढेच आहे. बासरीवादक फुंकीने स्वर लांबवतो, सारंगीवादक गजाने. परंतु छेडलेल्या तारेचा नाद छेडताक्षणीच ओसरू लागतो. म्हणजे लय जितकी संथ, तितकी दोन स्वरांमधली पोकळी मोठी. घाबरलेला वादक त्या पोकळीपासून पळतो. मीही पळालो होतो.

मग ही पोकळी भरायची कशाने? उत्तर मला मिरजेत सापडले. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपण जाणतोच. एका कारखान्यात कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवीत जवारी लावत होते. धागा नेमक्या जागी आला आणि तार एकदम गुंजू लागली. गायक दमसास घेतो तेव्हा ती गुंजच स्वर धरून ठेवते. मनात आले, गिटारचा तंबोरा कोणता? तिच्या मोकळ्या तारा!

इथे पट्टीचे महत्त्व कळते. पेटीच्या भाषेत गिटारच्या सहा तारा खालून वर अशा : पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. पांढरी पाचला षड्ज मानून बिलावलचे स्वर घेतले, तर सहाही मोकळ्या तारा सुरात बसतात. तीच धून काळी एकमध्ये घेतली, तर एकही मोकळी तार कामी येत नाही. प्रत्येक स्वर बोटाने दाबावा लागतो आणि बोट उचलताच नाद तुटतो. म्हणून तर वादक कॅपोचा चिमटा लावून पट्टी चढवतात.

लय आणि पट्टी जमली, तरी भाव ठरतो स्वरांच्या निवडीने. १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका जरूर ऐकावी. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांतून काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस उभा राहतो. अहीर भैरवातला कोमल रिषभ पहाटेचे गांभीर्य आणतो. पहाडीत मन सैल होते. काब्रा गिटार आडवी ठेवून तारेवर पोलादी कांडी सरकवीत. त्यामुळे पडद्यांनी तोडलेले स्वर मींडेने जोडले जात.

यंदा मी तीच धून पांढरी पाचमध्ये बसवली आहे. मोकळी तार गुंजत असली, की थांबण्याचे भय वाटत नाही. रसिकहो, संमेलनात मी मध्येच थांबलो, तर विसरलो असे समजू नका. तेवढा वेळ तार ऐका.