अंथरूण, कोट आणि कापड

इंग्रजीचे क्रमिक पुस्तक उघडले की त्याच्या अखेरच्या पानांवर वाक्प्रचारांची एक यादी हटकून आढळते. डाव्या हातास इंग्रजी शब्दसमूह, उजव्या हातास त्याचा अर्थ. बेळगाव, खानापूर, निपाणी या टापूतील मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही यादी पाढ्यांसारखी घोकली. परीक्षेत 'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग' हे शब्द पुढे आले आणि यादी ऐन वेळी आठवली नाही, म्हणजे मुलगा आपल्या अकलेने लिहितो, 'त्याने पिशवीतील मांजर बाहेर सोडले.' गुरुजी त्यावर तांबडी फुली मारतात. फुली योग्यच असते. पण मुलाचे एकही पद चुकलेले नसते, ही गोष्टही तितकीच खरी. मांजर बरोबर, पिशवी बरोबर, सोडणेही बरोबर. चुकला तो केवळ अर्थ!

याचे कारण असे की वाक्प्रचाराचा अर्थ त्याच्या शब्दांत नसतो. ज्यांनी तो प्रथम उच्चारला, त्यांच्या स्वयंपाकघरात, बाजारात वा रणांगणावर तो असतो. जुन्या काळच्या इंग्लंडातील बाजारात डुकराचे पिल्लू पिशवीत घालून विकत. लबाड विक्रेता पिल्लाऐवजी पिशवीत मांजर कोंबी. गिऱ्हाइकाने तेथल्या तेथे पिशवी उघडली की मांजर बाहेर आणि लबाडीही बाहेर. या वाक्प्रचाराची उपपत्ती सामान्यतः अशी सांगण्यात येते. आठवड्याच्या बाजारात वडिलांबरोबर हिंडलेल्या मुलास ही हकिगत एकदा सांगितली, तर 'बिंग फुटले' हा मराठी प्रयोग त्यास कोणी शिकवावा लागत नाही. तो आपण होऊन त्याच्या तोंडी येतो.

अशा हकिगती सांगतानाही शिक्षकाने थोडे जपून असावे. पुष्कळशा उपपत्ती मागाहून रचलेल्या असतात. मुसळधार पावसास इंग्रज लोक 'मांजरे व कुत्री कोसळत आहेत' असे का म्हणतात, याविषयी विद्वानांत एकमत नाही. गवती छपरांवर निजलेली जनावरे पावसात घसरून खाली पडत, ही सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट तर निव्वळ मनोरंजक आहे. ज्याने खानापूरकडचा आषाढ अंगावर घेतला आहे, त्यास मुसळाएवढी धार समजते. मांजराकुत्र्यांवाचून त्याचे काही अडत नाही.

सीमाभागातील मुलाची गोष्ट मात्र पुण्यामुंबईच्या मुलाहून थोडी निराळी आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधीही येथे दोन भाषा शेजारी नांदत होत्याच. त्यानंतर दुसरी भाषा शाळेच्या वेळापत्रकात व कचेरीच्या पाटीवर अधिकृतपणे येऊन बसली. घरी मराठी, बाजारात व कचेरीत कानडी, आणि वरच्या इयत्तेत इंग्रजी, असे तिहेरी ओझे या मुलाच्या पाठीवर आहे, असे सहानुभूतीने नेहमी बोलले जाते. ओझे आहे, यात शंका नाही. पण वाक्प्रचारांच्या प्रांतात हेच ओझे शिदोरीसारखे उपयोगी पडते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

एक उदाहरण घ्यावे. मिळकत पाहून खर्च करावा, हे सांगताना इंग्रज म्हणतो, 'कापड असेल त्या मानाने कोट बेता.' मराठी माणूस म्हणतो, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' आणि कानडी शेजारी म्हणतो, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु.' हासिगे म्हणजे अंथरूण, कालु म्हणजे पाय. जेवढे अंथरूण तेवढेच पाय ताण. मराठीत आणि कानडीत चित्र अगदी एकच. भाषा तेवढी वेगळी. इंग्रजीत उपदेश तोच, पण चित्र संपूर्ण पालटले. थंड हवेच्या मुलुखात लोकरीचे कापड महाग आणि अंगभर कोट आवश्यक. तेव्हा काटकसरीचा विचार तेथे शिंप्याच्या कात्रीपाशी सुचला. इकडे तो रात्री जमिनीवर पथारी टाकताना सुचला.

असा योग एकदाच येतो असेही नाही. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण घराघरांत आहे. कानडीत 'कुणियलारदवळु नेल डोंकु एंदळु', म्हणजे जिला नाचता येईना ती म्हणाली जमीनच वाकडी. पुन्हा तेच अंगण आणि तीच नाचणारी! इंग्रजीत मात्र नाच नाही. तेथे अडाणी कारागीर आपल्या हत्यारांवर चिडतो. 'दुरून डोंगर साजरे' याला कानडीत 'दूरद बेट्ट नुण्णगे', म्हणजे दूरचा डोंगर गुळगुळीत. सह्याद्रीची रांग दोन्ही भाषांच्या लोकांनी दुरून पाहिली आहे आणि तिच्यावर चढताना दोघांच्याही पायांत काटे मोडले आहेत. इंग्रजाला मात्र कुंपणापलीकडचे गवत अधिक हिरवे दिसते. गुरे राखणाऱ्या, कुंपणे घालणाऱ्या समाजाची ती नजर आहे.

कधी कधी तिन्ही वाटा तीन दिशांना जातात, आणि तेही पाहण्यासारखे असते. आपल्या माणसाची आपल्याच गावी किंमत नसते, हे मराठीने बाजाराच्या भाषेत सांगितले, 'पिकते तेथे विकत नाही.' कानडीने वैद्यकाच्या भाषेत सांगितले, 'हित्तल गिड मद्दल्ल', परसातले झाड औषध नव्हे. इंग्रजीने बायबलाचा आधार घेऊन सांगितले की संदेष्ट्याला स्वदेशात मान नाही. आणि 'चकाकते ते सारे सोने नसते' हे वाक्य मराठीत आज आपलेसे वाटत असले, तरी ते इंग्रजीचे सरळ भाषांतर आहे. शेजारच्या कानडी घरात त्याच अर्थाने 'बेळ्ळगिरुवुदेल्ला हालल्ल' म्हणतात. पांढरे तेवढे सगळे दूध नव्हे. सोन्यापेक्षा दुधाची फसवणूक गृहिणीस अधिक वेळा भोगावी लागते, हे ध्यानात घेता कानडी म्हण जास्त व्यवहारी म्हणावी लागेल.

आता निपाणीकडे वळावे. इंग्रजीत 'न्यूकॅसलला कोळसा नेणे' असा एक प्रयोग आहे. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येकडील बंदर. तेथून शेकडो वर्षे कोळशाची जहाजे लंडनला जात. तेव्हा तेथेच कोळसा वाहून नेणे म्हणजे व्यर्थ खटाटोप. हे विद्यार्थ्यास समजावून देताना नकाशा काढावा लागतो, बंदर दाखवावे लागते. त्याऐवजी 'निपाणीला तंबाखू नेणे' एवढेच म्हटले, तर चिकोडी तालुक्यातील मुलास पुढे एक अक्षरही सांगावे लागणार नाही. ज्या गावच्या वखारींच्या वासाने वाटसरूस शिंका येते, ज्या तंबाखूच्या भावासाठी 1981 साली शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर येऊन बसले, तेथे तंबाखूचे गाठोडे घेऊन कोण जाईल? हा प्रयोग कोशात नाही. पण कोशातले सगळे प्रयोग असेच कोणाच्या तरी तोंडून निघालेले आहेत. बेळगावकरांसही असा एक मान आधीच मिळालेला आहे. इंग्रज हवेत किल्ले बांधतो. मराठी माणूस मनात मांडे खातो. बेळगावचे मांडे ज्याने चाखले आहेत, त्याला या दोहोंपैकी अधिक मोहक स्वप्न कोणते, हे विचारण्याचे कारण नाही.

इतिहासातून आलेल्या वाक्प्रचारांत तर दोन समाजांचे स्वभावच दिसून येतात. परतीची वाट आपणच बंद करून लढण्यास सिद्ध होणे, याला इंग्रजीत 'आपली जहाजे जाळणे' म्हणतात. दर्यावर्दी लोकांना तेच सुचणार. मराठीत 'परतीचे दोर कापणे' म्हणतात, आणि त्यामागे 1670 सालचा सिंहगड उभा आहे. तानाजी पडल्यावर सूर्याजीने कड्यावरचे दोर कापल्याची कथा कोणत्या मराठी मुलास ठाऊक नाही? तीच गोष्ट संपूर्ण पराभवाची. इंग्रजीत माणसाला त्याचे 'वॉटर्लू' भेटते. मराठीत त्याचे 'पानिपत' होते. वॉटर्लूची लढाई 1815 सालची, पानिपतची 1761 सालची. वॉटर्लूचा विजयी सेनापती वेलिंग्टन हा 1803 साली असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला वेलस्लीच होय. पण खरा भेद निराळाच आहे. इंग्रजांनी पराभवाचे नाव शत्रूच्या पराभवावरून ठेवले. मराठ्यांनी ते स्वतःच्या पराभवावरून ठेवले. आपले दुःख भाषेत असे जतन करून ठेवणारे समाज फार नसावेत.

मग परक्या भाषेतील वाक्प्रचार मराठीत रुजतच नाहीत काय? पुष्कळ रुजले आहेत. 'पेल्यातील वादळ', 'पांढरा हत्ती', 'प्रकाश टाकणे' हे सारे इंग्रजीच्या वाटेने आले. 1847 साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्यानंतर शाळाखाते, वृत्तपत्रे व भाषांतरकार यांच्या हातून ही आयात वाढतच गेली. यातले जे टिकले ते बहुधा असे, की ज्यांच्यामागून वा ज्यांच्याआधी ती वस्तूच येथे आली. इंग्रजांच्या कचेऱ्यांतून कागदपत्रे खरोखरीच तांबड्या फितीने बांधली जात, म्हणून 'लाल फीत' हा शब्द खेड्यातल्या अर्जदारालाही उमगला. क्रिकेट आले, आणि वादविवादात प्रतिपक्षाचा 'त्रिफळा उडू' लागला. आगगाडी आली, आणि बेतांना 'हिरवा कंदील' मिळू लागला. बेळगावी ही आगगाडी सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकातच आणली. निपाणीला रेल्वे नाही. तरीही तेथील नगरपालिकेत ठरावांना हिरवा कंदील दाखवण्यात काही अडचण आल्याचे ऐकिवात नाही!

याउलट 'बर्फ फोडणे' हा प्रयोग अधूनमधून छापलेला दिसतो. दोन अपरिचित माणसांतील संकोच दूर होणे, हा त्याचा मूळ अर्थ. गोठलेल्या नदीतून होडीला वाट करून द्यावी लागते, अशा देशात तो शोभतो. येथे बर्फ फोडणारा मनुष्य म्हणजे सरबताच्या गाडीवाला. 'दोन्ही नेत्यांनी बर्फ फोडला' हे वाचून बाजारपेठेतील दुकानदाराने काय चित्र डोळ्यांपुढे आणावे? रात्री उशिरा इंग्रजी तारांचे मराठी करणाऱ्या उपसंपादकापाशी वेळ थोडा असतो, हे मान्य करूनही असे वाटते की 'भीड चेपली' किंवा 'कोंडी फुटली' हे शब्द त्याच्या घरातच होते. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' सिद्ध केला, त्यात असे धन पानोपानी भरून राहिले आहे.

तेव्हा यादीच्या दोन रकान्यांत आणखी एक रकाना वाढवला, तर सीमाभागातील शिक्षकाचे काम पुष्कळ सुकर होईल. इंग्रजी प्रयोग, मराठी प्रयोग, आणि शेजारच्या बाकावरील कानडी मुलाने सांगितलेला प्रयोग. ज्याने अंथरुणाचे चित्र दोन भाषांत ओळखले, तो कोटाचे चित्र पाहून बुजत नाही. शब्द वेगळे असले तरी बोलणे एकच असू शकते, हे त्याला रस्त्यावरच कळलेले असते. त्याला वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर करण्याचा मोहही कमी होतो.

आता उलट दिशेचाही एक प्रयोग करून पाहावा. सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल 1967 साली आला. 2004 साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या दीर्घ प्रकरणासाठी या भागातील वृद्ध मनुष्य एकच शब्द वापरतो, 'भिजत घोंगडे'. इंग्रजीत त्याला 'पेंडिंग' म्हणता येईल, 'शीतगृहात ठेवलेले' असेही म्हणता येईल. पण धनगराचे घोंगडे भिजले म्हणजे किती जड होते, ते पिळता येत नाही आणि वाळायला किती दिवस घेते, पांघरावे तर अंग गारठते आणि टाकावे तर घरात दुसरे नाही, यातले काहीच त्या शब्दांत उतरत नाही. कानडी शेजाऱ्याला मात्र हे समजावून सांगताना 'घोंगडे' याऐवजी 'कंबळी' म्हटले की पुरते.