बन जळालं, मग फोटो आले

पोर्तुगालमधलं लेइरियाचं पाइनबन जळालं त्याला आता दहा वर्षं होत आली. म्हणजे भाषणं होणार, पाहुणे येणार, नव्याकोऱ्या फावड्यांनी चार खड्डे बुजवले जाणार. तो सगळा काळ मी त्या देशात काढला, म्हणून आधीच सांगून टाकतो: मला या सोहळ्यांचा वीट आला आहे.

जुना इतिहास थोडक्यात उरकतो. अटलांटिकची वाळू शेतांत शिरू नये म्हणून मध्ययुगातल्या राजांनी इथे पाइन राखले, वाढवले. श्रेय बहुतेक सगळं दिनीश राजाच्या पदरात पडलं. लोक अजून 'राजाचं बन'च म्हणतात. पूर्वेकडे निघालेल्या गलबतांचं लाकूड इथलं, असं तिथलं शेंबडं पोरही सांगतं. (गोव्यात आणि वसईत पोचल्यावर मात्र त्यांचा डोळा आपल्या सागावर.) अठराव्या शतकात मारिन्या ग्रांदच्या काचभट्ट्या याच सरपणावर चालल्या. सुमारे ११,००० हेक्टरांचं बन, सरळ जाळपट्ट्यांनी चौकोनांत आखलेलं. पुस्तकातला भाग इथे संपला.

१५ ऑक्टोबर २०१७, रविवार. महिनोन्‌महिने पाऊस नाही, ऑक्टोबरात उन्हाळ्यासारखा उकाडा, आणि दूर समुद्रातून जाणाऱ्या ओफेलिया वादळाने ओढून आणलेला दक्षिणेचा वारा. देशभर शेकडो वणवे एकदम भडकले. त्यांत ५० माणसं गेली. जूनमध्ये पेद्रोगाँव ग्रांदच्या वणव्यात ६६ आधीच गेली होती. लेइरियाच्या बनाचा ८६ टक्के भाग जळाला. गृहमंत्रीणबाईंनी राजीनामा दिला. पंतप्रधान होते आंतोनियु कॉश्ता, मूळ मडगावच्या घराण्यातले, घरचे 'बाबुश'. त्याच जानेवारीत भारतात त्यांचं केवढं कौतुक झालं होतं! गोव्यातल्या ओळखीच्यांना ते अजून 'आपले' वाटतात. वाटोत बापडे, त्यांच्या सरकारने बनाला आपलं मानलं असतं तर बरं झालं असतं.

सगळं खापर वाऱ्यावर फोडलं गेलं. वारा काय, येतो नि जातो. वनरक्षकांचं स्वतंत्र दल २००६ मध्ये मोडून राष्ट्रीय गार्डमध्ये मिसळून टाकलं, ते वाऱ्याने नव्हे. बनात राहून धुराचा वास ओळखणारी माणसं गेली, त्यांची घरं ओस पडली. पूर्वी पाइनच्या वाळक्या सुया गोठ्यात अंथरायला जात, झुडपं पावाच्या भट्टीत. गुरं कमी झाली, घरोघरी गॅस आला आणि ते सारं बनातच साठत राहिलं. हे ठाऊक नसलेला माणूस मला त्या भागात भेटला नाही. फक्त कागदावर सही करणाऱ्यांना ते ठाऊक नसावं.

मग आले फोटो. राष्ट्राध्यक्षांनी रोप लावलं, स्वयंसेवकांच्या बसगाड्या आल्या. त्या लोकांच्या तळमळीबद्दल माझी तक्रार नाही. पण जळक्या लाकडाचे लिलाव झाले तेव्हा मारिन्या ग्रांदचे लोक ओरडत होते की हा पैसा याच बनात परत घाला. त्यांना आश्वासनं भरपूर मिळाली.

गंमत म्हणजे पाइनला आपल्या फावड्याची फारशी गरजच नव्हती. त्याची काही फळं धगीनेच उघडतात आणि पंखवाली बी राखेत उतरते. काही चौकोनांत रोपं इतकी दाट उगवली की दोन खोडांत हात जात नाही. तिथे विरळणी हवी. दुसरीकडे लावलेलं रोप प्लास्टिकच्या नळीत सुकून काडी झालेलं, आणि सभोवार ऑस्ट्रेलियन बाभळीचं रान. वाळू धरायला म्हणून ही बाभूळ किनाऱ्यावर वनखात्यांनीच आणली. आगीने तिचं बी उलट जास्तच रुजतं. ती एकदा तोडून भागत नाही, वर्षानुवर्षं मागे लागावं लागतं. विरळणी करणाऱ्याचा किंवा बाभूळ उपटणाऱ्याचा फोटो कोण छापतो?

शिवाय कोवळ्या पाइनला पुरेसं बी धरायला कित्येक वर्षं लागतात. त्याआधी पुन्हा वणवा आला, तर राखेत पडायला बीसुद्धा नसेल.

तेव्हा दहाव्या स्मृतिदिनाला येणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं आहे: एकही रोप लावू नका. आजवर लावलेल्यांपैकी किती जगली तो आकडा चौकोनवार जाहीर करा, आणि त्या ओस घरांत पगारी वनरक्षक राहायला पाठवा.