प्राध्यापक लुई आगासी

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकण्यासाठी आलेल्या सॅम्युएल स्कडर या तरुणापुढे प्राध्यापकांनी मद्यार्कात जतन केलेला एक मासा ठेवला आणि तो लक्षपूर्वक पाहावा, एवढेच सांगून ते निघून गेले. ग्रंथ नाही, भिंगही नाही. साहाय्याला केवळ आपले डोळे आणि आपले हात. दहा मिनिटांत पाहण्याजोगे सारे पाहून झाले, असे स्कडर यांना वाटले. परंतु प्राध्यापकांचे समाधान होईना. कंटाळून ते माशाचे चित्र काढू लागले, तेव्हा कोठे नवी वैशिष्ट्ये दृष्टीस पडू लागली. तीन दिवस तोच मासा त्यांच्यापुढे होता. पुढे कीटकशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आलेल्या स्कडर यांना हा पाठ देणारे प्राध्यापक म्हणजे लुई आगासी होत.

आगासी यांचा जन्म २८ मे १८०७ रोजी स्वित्झर्लंडमधील मोतिये या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. वैद्यकाची पदवी घेऊनही त्यांचे मन प्राणिसृष्टीतच रमले. १८३२ मध्ये न्यूशातेल येथे ते निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले. प्राणी, वनस्पती, खडक व खनिजे या साऱ्यांचा अभ्यास त्या काळी या एकाच विषयात येत असे. माशांच्या जीवाश्मांवरील त्यांचा पाच खंडांचा ग्रंथ १८३३ ते १८४३ या काळात प्रसिद्ध झाला.

आल्प्स पर्वतातील हिमनद्या पूर्वी फार दूरवर पसरल्या होत्या, असे अभियंते व्हेनेट्स व भूवैज्ञानिक शार्पांत्ये यांचे मत होते. आगासी यांना ते पटत नव्हते. परंतु १८३६ च्या उन्हाळ्यात शार्पांत्ये यांच्यासमवेत त्यांनी ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील खडकांवरचे ओरखडे आणि मूळ स्थानापासून दूर येऊन पडलेले प्रचंड धोंडे पाहिले व आपले मत बदलले. पुढल्याच वर्षी, १८३७ मध्ये, त्यांनी हिमयुगाची कल्पना विद्वत्सभेपुढे मांडली. उंटरआर हिमनदीवर एका मोठ्या धोंड्याच्या आडोशास राहून, बर्फात रोवलेल्या खुंटांच्या साहाय्याने, हिमनदीचा मध्यभाग कडांपेक्षा अधिक वेगाने सरकतो हे त्यांनी दाखवून दिले.

१८४६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि पुढील वर्षी हार्वर्ड येथे प्राध्यापक झाले. तेथील तुलनात्मक प्राणिशास्त्राचे संग्रहालय त्यांच्याच प्रयत्नाने १८५९ मध्ये स्थापन झाले. १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीझ या लहानशा बेटावर त्यांनी सुमारे पन्नास शिक्षक-शिक्षिकांना सागरी जीवांचा प्रत्यक्ष अभ्यास शिकविला.

तथापि, चरित्रकाराने त्यांची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. १८५९ मध्येच डार्विनचा उत्क्रांतीविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्राचीन प्राण्यांचे आजच्या प्राण्यांच्या भ्रूणांशी साम्य दिसते, हे आगासी यांचे निरीक्षण डार्विनने त्यात विचारात घेतले होते. आगासींनी मात्र उत्क्रांती अखेरपर्यंत मान्य केली नाही. प्रत्येक जाती स्वतंत्रपणे निर्माण झाली, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. मानववंशही निरनिराळे निर्माण झाले व त्यांची योग्यता समान नाही, असे ते प्रतिपादन करीत. या मताचा आधार गुलामगिरीच्या समर्थकांनी घेतला. न्यूशातेलमधील एका चौकाला दिलेले त्यांचे नाव २०१९ मध्ये बदलण्यात आले, ते याच कारणाने.

१८३६ मध्ये धोंडे पाहून स्वतःचे मत बदलणारा हा अभ्यासक उतारवयात आपल्याच संग्रहालयातील पुरावा निराळ्या दृष्टीने पाहू शकला नाही. त्यांच्या शिष्यांपैकी बहुतेकांनी मात्र तो पाहिला आणि उत्क्रांतितत्त्व स्वीकारले. गुरूच्या मतापेक्षा समोरच्या वस्तूवर विश्वास ठेवावा, हे त्यांना गुरूनेच शिकविले होते.

१४ डिसेंबर १८७३ रोजी आगासी निवर्तले. केंब्रिज येथील त्यांच्या समाधीवर आर हिमनदीच्या परिसरातून आणलेला एक धोंडा उभा आहे.