ओळख करून देताना

कविसंमेलनाला गेलात तर एक गोष्ट जरूर पाहा. कवी माईकपाशी पोचण्याआधीच त्याचं निम्मं यशापयश ठरलेलं असतं आणि ते ठरवतो सूत्रसंचालक. ‘आता येताहेत आपले मिश्कील कवी’ असं तो म्हणाला की लोक पहिल्या ओळीपासून हसायच्या तयारीत बसतात. ‘गंभीर प्रकृतीचे कवी’ म्हणाला की मागच्या रांगेतले चहाला उठतात. माझी ओळख बहुधा ‘मराठीत लिहिणारे मुस्लिम कवी’ अशी होते. मग मी पावसावरची कविता वाचली तरी काहीजण तिच्यात मोहरमचा ताबूत शोधत राहतात. टाळ्या मिळतात, नाही असं नाही. पण त्या कवितेला की ओळखीला, याचा उलगडा घरी पोचेपर्यंत होत नाही.

हे काही माझं एकट्याचं रडगाणं नव्हे. हॅरॉल्ड केली या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एमआयटीत केलेला आणि १९५० साली छापून आलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वर्गावर नवा पाहुणा शिक्षक येणार होता. मुलांना आधी त्याच्या परिचयाचा कागद वाटला. मजकूर सगळीकडे तोच, फरक काय तो स्वभावाच्या उल्लेखात. काहींच्या कागदावर ‘प्रेमळ’ होतं, काहींच्या कागदावर ‘कोरडा’. वर्ग एक, शिक्षक एक, चर्चाही एकच. तरी ‘प्रेमळ’ वाचलेल्यांपैकी ५६ टक्के मुलं चर्चेत बोलली आणि ‘कोरडा’ वाचलेल्यांपैकी अवघी ३२ टक्के.

सूत्रसंचालक मिळत नाही तिथे आपण स्वतःच ते काम करतो. अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर काही काळ राहिला होता. माणसं रोजच्या व्यवहारात स्वतःला कशी सादर करतात, यावरचं त्याचं पुस्तक १९५६ मध्ये निघालं. त्यातली एक गंमत मला फार आवडते. तिथल्या घरांत उजेड कमी आणि बाहेर सगळं मोकळं. चहाला येणारा शेजारी आतल्यांना दुरूनच दिसायचा, त्याला मात्र आतलं कोणी दिसत नसे. वाटेवर त्याचा चेहरा जसा असेल तसा असायचा. दाराशी आला की तो हसू चढवायचा आणि मग आत पाऊल टाकायचा. आतली मंडळी हा बदल मजेने पाहत बसायची! याला ढोंग म्हणायला माझं मन धजत नाही. सासरचं माणूस दारात आलं की आपल्याही घरातल्या आवाजाची पट्टी बदलतेच की.

कपड्यांचंही तसंच. बाबासाहेबांच्या सुटाबुटाला काहींनी साहेबी थाट म्हटलं. पण अंगावर काय ल्यावं आणि काय ल्यायचं नाही, हेही ज्यांना गावाने ठरवून दिलं होतं, त्यांच्यातला माणूस टाय लावून समोर उभा राहिला की समोरच्याला आपली बोलण्याची रीत बदलावीच लागते. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत अंगावरचे कपडे उतरवून पंचा नेसला. दिशा उलटी; पण आपल्याकडे कोण पाहतंय, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

मात्र कपडे आपल्याला निवडता येतात. हसू चढवता येतं. नावाचं काय करणार?

फोनवर माझं मराठी ऐकून मी कोण, ते कोणाला कळत नाही. १९९० च्या दशकात मी पुण्यात भाड्याची खोली शोधत होतो. एक वयस्कर घरमालक फोनवर फार गोड बोलले. ‘हल्ली इतकं शुद्ध बोलतं कोण!’ म्हणाले. भाडं, अनामत, पाण्याची वेळ, सगळं ठरलं. शेवटी त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. ‘मुलाला विचारून कळवतो,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मुलगा अजून विचारच करत असावा.

जाता जाता त्या ‘शुद्ध’बद्दल. ‘तुम्ही मराठी किती छान बोलता’ हे कौतुक मला आयुष्यभर पुरलं आहे. मी नगरकडचा. आमच्याच भागात, श्रीगोंद्याला, शेख महंमदांनी जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांचं कोणी असं कौतुक केलं होतं का, कोण जाणे.

नाव किती काम करतं, याचा हिशेबही मांडला गेला आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पोस्टाने अर्ज धाडले, एकूण ४,८०८. ते निष्कर्ष २००७ मध्ये छापून आले. सारख्याच पात्रतेचे अर्ज पाहिले तर मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला साधारण एक तृतीयांश. या उमेदवारांना कोणी पाहिलंही नव्हतं. त्यांनी इस्त्री केलेला शर्ट घातला की मळका, प्रश्नच नव्हता.

पण मला जास्त अस्वस्थ करतं ते याच्या पुढचं. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना अनोळखी मुलींशी फोनवर बोलायला सांगितलं आणि आधी एक फोटो दाखवला. फोटो त्या मुलीचा नव्हताच. काहींना सुंदर चेहरा दाखवला, काहींना सामान्य. नंतर फक्त मुलींचं बोलणं तिऱ्हाइतांना ऐकवलं. ज्यांना पलीकडून सुंदर समजलं गेलं होतं, त्या मुली खरोखरच अधिक मोकळ्या, अधिक जिव्हाळ्याने बोलल्या असं त्यांना जाणवलं. फोटोबद्दल त्या बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. समोरच्याने जसं बोलावं, तशा त्या होत गेल्या.

हेच उलट बाजूने घडतं. पलीकडचा आवाज आखडला की माझाही आखडतो. उत्तरं तुटक होतात. मग तो मनात म्हणतो, ‘पाहा, ही माणसं मिसळतच नाहीत.’ त्याचा अंदाज खरा ठरतो आणि तो खरा करून दाखवणारा मीच असतो. यावर मी एक उपाय केला आहे. हल्ली फोनवर पहिल्याच वाक्यात, नमस्काराच्याही आधी, मी पूर्ण नाव सांगतो. काही फोन लवकर संपतात. जे चालू राहतात, त्यांत मला शेवटच्या प्रश्नाची धास्ती नसते, त्यामुळे माझा आवाज माझाच राहतो.

पण हा उपाय पन्नाशी ओलांडलेल्या, पोटापाण्याची सोय झालेल्या माणसाचा. माझी भाची यंदा बी.कॉम. झाली. ‘मामू, अर्जावर पूर्ण नाव लिहू की नुसती आद्याक्षरं?’ तिने विचारलं. तिच्या नोकरीच्या जिवावर मी बाणेदारपणा शिकवणं बरोबर नव्हतं, म्हणून गप्प राहिलो. तिने थोडा वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि तीनही शब्द लिहिले, ठळक अक्षरात. अर्ज जाऊन आठवडा झाला आहे.