वार्धक्य, आयुर्वर्धक औषधे आणि स्त्री-पुरुष भेद

मध्य प्रदेशातील बैहर हे गाव ज्या बालाघाट जिल्ह्यात येते, तेथे 2011 च्या जनगणनेनुसार दर 1000 पुरुषांमागे 1021 स्त्रिया होत्या. अशा प्रमाणामागे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर हे तिन्ही घटक असतात. पण स्त्रियांचे आयुष्य सरासरीने अधिक असते, हे देशाच्या आकडेवारीतही दिसते. 2016–20 या काळात भारतातील अपेक्षित आयुर्मान, म्हणजे जन्मलेले मूल सरासरी किती वर्षे जगेल याचा अंदाज, स्त्रियांसाठी 71.4 आणि पुरुषांसाठी 68.6 वर्षे होता.

या भेदामागे व्यसने व कामातील धोके यांच्याबरोबरच गुणसूत्रे आणि लैंगिक संप्रेरके, म्हणजे रक्तातून संदेश नेणारी रसायने, हीही कारणे मानली जातात. म्हणूनच आयुष्य लांबवणाऱ्या द्रव्यांचा परिणाम दोघांवर सारखा होत नाही. अमेरिकेत 3 प्रयोगशाळांत एकाच वेळी होणाऱ्या उंदरांवरील चाचण्यांत, मधुमेहावर दिल्या जाणाऱ्या अकार्बोजमुळे नरांचे मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्मे प्राणी मरण पावण्याचे वय, सुमारे 22 टक्के वाढले, तर माद्यांचे केवळ 5 टक्के. 17-अल्फा-एस्ट्राडिऑलचा लाभ फक्त नरांना झाला, आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रॅपामायसिनने माद्यांना अधिक लाभ दिला.

उंदरांवरचे हे निष्कर्ष माणसांना थेट लागू होत नसल्याने, अशी औषधे दीर्घायुष्याच्या आशेने स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. मात्र पुढील प्रत्येक चाचणीत स्त्री-पुरुषांचे परिणाम वेगवेगळे तपासले जाणे अत्यावश्यक आहे, कारण एकत्रित सरासरीत एकाचा लाभ किंवा दुसऱ्याची हानी लपून राहू शकते.