चिठ्ठी चालली विजयदुर्गाला

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला. चहूकडे खारे पाणी, तरी किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. समजा, तेथे तुम्ही चिठ्ठ्यांचा खेळ मांडला. दूधबाव विहिरीजवळच्या चिठ्ठीवर एक कोडे आणि खाली 'पुढची चिठ्ठी : दहीबाव'. तेथील चिठ्ठीवर दुसरे कोडे आणि 'पुढची चिठ्ठी : साखरबाव'. तिसरीवर शेवटचे कोडे आणि 'खेळ संपला'.

संगणकातही माहितीची अशी साखळी करतात. संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य खणांची रांग. खणाचा क्रमांक हाच त्याचा पत्ता. एका ठिकाणी थोडी माहिती ठेवायची आणि तिच्याशेजारी पुढच्या माहितीचा पत्ता लिहायचा. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या 'सी' भाषेत या पत्ता सांगणाऱ्याला 'पॉइंटर', म्हणजे दर्शक, म्हणतात.

आता तिन्ही चिठ्ठ्या पाकिटात घालून विजयदुर्गच्या मित्राला पाठवा. त्याला हाच खेळ त्याच्या किल्ल्यात मांडायचा आहे. पण विजयदुर्गात 'दहीबाव' शोधून कशी सापडणार? कोडी शाबूत आहेत, पत्ते मात्र निकामी झाले!

स्मृतीतील साखळी जशीच्या तशी डिस्कवर लिहिली, तर हेच होते. आज्ञावली पुन्हा सुरू केली की तिला बहुधा निराळेच खण मिळतात. जुन्या पत्त्यावर गेल्यास ती कधी एकदम बंद पडते. ते त्यातल्या त्यात बरे, कारण चूक निदान कळते. पण कधी त्या खणात दुसरीच काही माहिती असते आणि आज्ञावली तीच खरी मानून पुढे जाते. रुग्णालयाच्या नोंदीत एका रोग्यापुढे दुसऱ्याचा रक्तगट आला, तर काय अनर्थ होईल!

मग उपाय कोणता? पाठवण्यापूर्वी चिठ्ठ्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या. 'दहीबाव' खोडून 'चिठ्ठी २' लिहा, 'साखरबाव' खोडून 'चिठ्ठी ३'. शेवटी '०', म्हणजे पुढे काही नाही. खणाचा क्रमांक जागेला चिकटलेला असतो. चिठ्ठीचा क्रमांक चिठ्ठीबरोबर प्रवास करतो. या कामाला 'सीरियलायझेशन' म्हणतात.

मित्राने काय करावे? आधी सर्व चिठ्ठ्या आपल्या किल्ल्यात ठेवाव्यात आणि कोणता क्रमांक कोठे ठेवला, याचा तक्ता करावा. मग दुसऱ्या फेरीत क्रमांकाच्या जागी नवे पत्ते लिहावेत. हे 'डीसीरियलायझेशन'. दोन फेऱ्या कशासाठी? पहिली चिठ्ठी ठेवताना दुसरीची जागा ठरलेलीच नसते!

एक गंमत आहे. तिसऱ्या चिठ्ठीवर 'पुन्हा दूधबाव' असे असेल, तर आंधळेपणाने नक्कल करणारा गोल गोल फिरत राहील. म्हणून प्रत्येक चिठ्ठी उचलताना हिला आधीच क्रमांक दिला आहे का, हे तक्त्यात पाहावे लागते.

हा प्रश्न डिस्कपुरताच नाही. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात अनेक प्रक्रियक एकत्र काम करीत, पण प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र. एकाच्या स्मृतीतील पत्ता दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून पत्ता न धाडता माहितीच संदेशातून पाठवावी लागे.

आता तुम्हीच करून पाहा. पाच मित्रांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर तो मित्र कोणाच्या शेजारी बसतो, ते फक्त चिठ्ठीच्या क्रमांकाने लिहा. मग त्या दुसऱ्या वर्गातील मुलांना द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्यांना बसण्याची जोडणी सांगता आली, तर तुमचे सीरियलायझेशन बिनचूक!