क्लॅम्प सोडला आणि जॉब वाकला

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते. गोदरेजचा घरगुती उपकरणांचा कारखाना इथलाच. शेजारच्या विंग गावात रीटरची सूतकताईची यंत्रे बनतात. अशा पट्ट्यातल्या मशीन शॉपना एक दुखणे चांगले ठाऊक असते. यंत्रावर माप अचूक असते, क्लॅम्प सोडला की जॉब केळ्यासारखा वाकतो. मग ऑपरेटरला बोल लागतो, नाहीतर टूलला.

पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात. वाकण्याचे कारण माल कारखान्यात येतानाच पोटात घेऊन आलेला असतो. विमानाच्या भागांसाठी वापरले जाणारे ७०७५ जातीचे ॲल्युमिनियम पावणेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाण्यात बुडवतात. बाहेरचा थर आधी थंड होतो, गाभा मागाहून आकसतो. शेवटी पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. दोन्ही बळे एकमेकांना तोलून धरतात, म्हणून प्लेट सरळ दिसते. कटरने एका बाजूचा थर काढला की तो तोल बिघडतो आणि उरलेला धातू वाकून नवा तोल साधतो. ॲल्युमिनियममध्ये ७० मेगापास्कल ताण म्हणजे मीटरमागे एक मिलिमीटर लांबीचा फरक. जिथे मायक्रॉनवर वाद होतात तिथे हा फरक प्रचंड आहे.

कटिंगमुळेही ताण येतो. टूल बोथट झाले की उष्णता वाढते आणि पृष्ठभागावर ताणाचा थर राहतो. तो मिलिमीटरच्या काही दशांशांपेक्षा सहसा खोल जात नाही. जाड जॉबला त्याचे काही वाटत नाही, पातळ भिंतीला मात्र तो वाकवतो.

जॉब किती वाकेल, हे आधी सांगता येते का? येते. संगणकात जॉबचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकात ताण भरायचा आणि कटर ज्या क्रमाने माल काढणार त्याच क्रमाने तुकडे वगळत आकार काढत जायचा. हे गणित आता मुरलेले आहे. अडते ते पहिल्याच पायरीवर: या ठोकळ्यात ताण नेमका किती?

नेहमीचे क्ष-किरण धातूत काही मायक्रॉनच शिरतात. न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आत जातात, पण त्यासाठी तुर्भ्याच्या ‘ध्रुव’सारखी अणुभट्टी लागते. बारीक भोक पाडून भोवतीचा धातू किती सैलावला हे मोजण्याची युक्ती जर्मनीच्या माथारने १९३४ मध्ये मांडली. २००१ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या मायकल प्राइम यांनी आणखी सरळ वाट दाखवली: जॉब वायरकटने मधोमध कापा, कापलेल्या तोंडाचे उंचसखलपण मोजा आणि उलट गणिताने आतला ताण काढा. एक जॉब वाया जातो, पण पूर्ण छेदाचा नकाशा हाती येतो. वायरकट आपल्या टूलरूमना काही नवा नाही.

जुन्या कारागिरांनी गणिताविना बरेच साधले होते. यंत्रांचे बिडाचे बेड ते महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवत. आज भट्टीत स्ट्रेस रिलिव्हिंग होते. रफिंगनंतर क्लॅम्प सैल करून जॉब मोकळा सोडणे, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने माल काढणे, हे उपायही खरेच उपयोगी पडतात.

मात्र महागडे सॉफ्टवेअर घेण्याआधी खरेदीची ऑर्डर तपासावी. ॲल्युमिनियमच्या प्लेटसाठी उष्णता-प्रक्रियेचा नुसता ‘टी६’ हा संकेत लिहिला तर ताण काढलेला माल मिळेलच असे नाही. ‘टी६५१’ लिहिला तर गिरणीतच दीड ते तीन टक्के खेचून ताण बराच कमी केलेली प्लेट मिळते.